सबंध गल्लीचे खड्डे एकाच दारात

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
सांडपाणी वाहिनी विभाग.

विषय : नकाशावरील आमची गल्ली अर्जदाराच्या दारातून उचलून जागच्या जागी ठेवण्याबाबत.

संदर्भ : आपले उत्तर, ‘नकाशानुसार आपल्या घराचे काम पूर्ण झाले आहे.’

महोदय,

अर्जदाराने वरील उत्तर खड्ड्याच्या काठावर उभे राहून वाचले.

१. गल्लीतील प्रत्येक घराला पाइप जोडायचा आहे. पुढे खोदणारी टोळी, मागून पाइपवाले, मग माती भरणारे. एक घर आटोपले की मोबाइलवरचा नकाशा त्यांना पुढचे घर दाखवतो. योजना उत्तम आहे. फक्त पुढचे घरही अर्जदाराचेच निघते.

२. कारण असे की, आपल्या कर्मचाऱ्याने दारोदार उभे राहून मोबाइलवर त्या त्या जागेची नोंद करायची होती. ऊन फार होते. अर्जदाराच्या थोरल्या भगिनी, ज्यांना सारी गल्ली अक्का म्हणते, यांनी त्याला ओट्यावर खुर्ची दिली. “कशाला उन्हातान्हात हिंडतोस? मला विचार की!” असे म्हणून सगळी घरे तोंडपाठ सांगितली. त्याने ती बसल्या जागी नोंदवली. तेव्हापासून नकाशावर सबंध गल्ली त्या खुर्चीत बसली आहे.

३. मुकादम सज्जन आहेत. म्हणतात, “काका, मला दिसतंय हो. पण शेजारच्या दारातला कामाचा फोटो मोबाइल घेतच नाही. म्हणतो, जागा चुकली.” मग काल बुजवलेला खड्डा आज शेजाऱ्याच्या क्रमांकाने उघडतो. पाइप न मिळालेले शेजारी अर्जदाराकडे असे बघतात, जणू त्यानेच सगळे पाइप घशात घातले.

४. अक्कांच्या खुब्याचे ऑपरेशन झाले आहे. रोज फाटकापलीकडे चालल्या नाहीत तर पाय कायमचा आखडेल, असे डॉक्टरांनी बजावले आहे. ती खुर्ची त्यांना चालून दमल्यावर टेकायला आणली होती. आता चालणे बंद आहे आणि खुर्चीवर आपले खाते आहे.

५. तक्रारीवरून काल दुसरा कर्मचारी खड्ड्यावरून उडी मारून नोंदींच्या दुरुस्तीस आला. अर्जदाराने खुर्ची आधीच आत दडवली होती. अक्कांनी ती बाहेर काढायला लावली. “पोरगं घामानं निथळतंय, त्याला उभं ठेवायचं?” दुरुस्ती बसूनच पूर्ण झाली. खोदाईचे नवे वेळापत्रक उद्यापासून लागू आहे.

तरी नोंदी चालत जाऊन घेण्याचा लेखी आदेश काढावा. अक्कांना समजावणे अर्जदाराच्या आवाक्यातले नाही. बहुधा आपल्याही नाही. आदेश न निघाल्यास आम्हा भावंडांना शेजारच्या कोणत्याही घरात हलवावे. नकाशाप्रमाणे तिथे कोणी फिरकणार नाही. अक्का निर्धास्त चालतील.

आपला,
खड्ड्याअलीकडे अडकलेला नम्र अर्जदार
(सही)
गुरुवार

ता. क. : दारातून बाहेर पडता येत नसल्याने अर्ज मुकादमांच्या हाती पाठवत आहे. पोच त्यांच्याकडेच द्यावी. ते उद्या येणारच आहेत.