हा व्हिडिओ मुलांसाठी नाही

१२ जानेवारी

कमेंट बंद! माझ्या सगळ्या व्हिडिओंखाली! दातांच्या लॅबला निघताना पाहिलं, तर लोकांनी लिहिलेलं असायचं तिथे नुसती राखाडी पट्टी. जुनंही काही दिसत नाही. बाकीच्यांचं जाऊ दे – माझ्या ठकूचं काय?

दिवसभर कवळ्यांत लक्ष नव्हतं. एका आजोबांच्या खालच्या दाढा वरच्या पट्टीत बसवल्या. मालक म्हणाले, "त्यांना उलटं जेवायला लावणार काय रे?"

१३ जानेवारी

मेल आधीच आला होता, मीच वाचला नव्हता. नवा नियम. लहान मुलांची माहिती कोणी गोळा करू नये म्हणून मुलांच्या व्हिडिओखाली कमेंट नाहीत. नवा व्हिडिओ आल्याची घंटी नाही. काहीच नाही. आणि माझ्या व्हिडिओंतली आगगाडी म्हणे मुलांची! का, तर छोटी आहे, रंगीत आहे, मागे पिपाणी वाजते.

कोणी ठरवलं हे? यंत्राने. यंत्राला काय सांगायचं – बाबा रे, हा डोंगर दातांच्या प्लास्टरचा आहे, फलाट कवळीच्या गुलाबी अ‍ॅक्रिलिकचा आहे, रूळ मी दाढा घासायच्या चाकावर घासलेत. कोणतं मूल असले उद्योग करतं?

पण खरं लिहायचं तर यंत्र चुकलं नाही. व्हिडिओ एका मुलीसाठीच आहेत. ठकूची आई तिला घेऊन दुसऱ्या गावी गेली तेव्हापासून भेट नाही, फोन उचलत नाहीत, कोर्टाचा निकाल लागायचाय. कोर्टात ती म्हणाली होती, "याला मुलीचं काहीएक माहीत नसतं. तिची इयत्ता विचारा." इयत्ता मला आली नाही. म्हणजे आली, पण एक वर्ष मागची. न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहिलं ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

मग एका व्हिडिओखाली 'बोगदेवाली'ने लिहिलं – बोगद्यात कोण? घरी गाडी बोगद्यात शिरली की ठकू हेच ओरडायची. मी लिहिलं – बोगद्यात वाघ! ती – वाघाचं तिकीट कुठाय? त्या दिवसापासून दर व्हिडिओखाली आमचं हे असं. तिच्या आईला पत्ता नाही. तेवढाच काय तो बाप उरलोय मी.

१४ जानेवारी

एक चौकोन आहे. 'हा व्हिडिओ मुलांसाठी नाही.' त्यावर टिक केली की कमेंट परत. खोटी टिक केली तर दंड, असंही खाली बारीक अक्षरात.

टिक केली. पोटच्या पोरीसाठी करतो आणि लिहून देतो की तिच्यासाठी नाही.

१५ जानेवारी

जुन्या कमेंट परत आल्या! वाघाचं तिकीटसुद्धा! जिवात जीव आला.

१९ जानेवारी

पुन्हा बंद. यंत्राने माझी टिक पुसून आपली टिक केली. दाद मागितली, दोन मिनिटांत उत्तर – आपली विनंती तपासली, निर्णय कायम. दोन मिनिटांत तर माझं प्लास्टरही घट्ट होत नाही!

ताईला फोन केला. ती म्हणाली, "अरे, मुलांच्या भल्याचंच असेल ना काहीतरी. इतका का तडफडतोस?" तिला ठकूचं सांगितलेलं नाही. सांगितलं तर आधी रडेल, मग सगळ्या नातेवाइकांना सांगेल.

२३ जानेवारी

ठीक आहे. यांना मोठ्यांचं हवंय ना? देतो.

लाल डबे राखाडी रंगवले. पिपाणी काढली. आणि इंजिन जोडता जोडता मूळव्याधीवर बोललो. मग आयकरावर. मधे दोन कचकचीत शिव्या. आरशात पाहावंसं वाटेना. पण यंत्र खूश! व्हिडिओ मोठ्यांचा ठरला, जुन्यांखालच्या कमेंटही परत आल्या. लोकांनी खाली विचारलंय, दादा, तब्येत बरी आहे ना.

२६ जानेवारी

बोगदेवाली नाही. तिच्या नावावर बोट ठेवलं तर – हे खाते अस्तित्वात नाही. लहान मुलांची खातीच उडवलीत. कपाळावर हात मारला. कमेंट वाचवल्या आणि पोर गेली.

२७ जानेवारी

एकच उपाय सुचला. सगळ्यात वर, सगळ्यांना दिसेल असं लिहून चिकटवलं – 'बोगदेवाली, नवं खातं काढ आणि मोठ्या माणसासारखी लिही. म्हातारा हो, मास्तर हो, काहीही. मी ओळखेन.'

३१ जानेवारी

काही नाही.

४ फेब्रुवारी

आली!!

नाव – गार्डकाका. लिहिलंय, 'मी रेल्वेतून निवृत्त झालो. गुडघे फार दुखतात. आपली आगगाडी पाहून जुने दिवस आठवले. बोगद्यात कोण?'

हसून हसून पोट दुखलं. गुडघे म्हणे! अगदी माझ्या वडिलांची लकब उचललीय कार्टीने. शुद्धलेखनही चक्क बरोबर. डोळे पुसले आणि लिहिलं – बोगद्यात वाघ, काका! वाघाला संधिवात झालाय!

८ फेब्रुवारी

गार्डकाका रोज लिहितात. दूध महागलं, हवा बिघडली, नातवंडं ऐकत नाहीत. मी इमानदारीत 'काका, आपण म्हणता ते खरं' असं लिहितो. लॅबमध्ये एकटाच हसत होतो. मालक म्हणाले, "लग्न ठरलं की काय परत?"

१३ फेब्रुवारी

आज काकांनी विचारलं, 'आपल्याला मुलगी आहे ना? कितवीत आहे?'

पोरीला कळलंय तर! कोर्टातलं कोणीतरी तिच्या कानावर घातलंय – बाबाला तुझी इयत्तासुद्धा आली नाही म्हणून. आता परीक्षा घेतेय बापाची. घे. बरोबर इयत्ता लिहिली. वर्गशिक्षिका बदलल्या तेही लिहिलं. चुकीला वाव ठेवला नाही.

उत्तर आलं – 'वा. बाप असावा तर असा.'

दिवसभर तेच वाक्य वाचत राहिलो.

१६ फेब्रुवारी

आणखी प्रश्न. 'माझ्या नातीला चित्रकलेची आवड आहे. आपली मुलगी कुठल्या क्लासला जाते?' लबाड! क्लास तिने हट्टाने बदलला, हे मला ठाऊक आहे का ते बघायचंय. आहे ना! त्यांच्या शेजारी माझ्या शाळेतला एक मित्र राहतो, त्याच्याकडून सगळं काढून घेतो मी. लिहिलं – वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, शनिवारी, आणि पुढे गर्दी असते म्हणून पोरं मागच्या दाराने सुटतात. आई रस्ता ओलांडून पलीकडे गाडी लावते, ती येईपर्यंत दारातच थांबायचं.

ये आता, ठकूच्या आई! विचार म्हणावं न्यायाधीशबाईंना, याला काही माहीत असतं की नाही!

१९ फेब्रुवारी

'मुलीला सगळ्यात आवडती गाडी कोणती?'

हे तर झोपेतही सांगेन. लाल इंजिन, नाकाचा टवका उडालेलं. ती पडली होती त्यावर. इंजिनाला लागलं म्हणून रडली, स्वतःच्या ढोपराकडे बघितलंही नाही. ते इंजिन माझ्याकडेच राहिलं. लिहिलं सगळं. घरी तिला काय हाक मारतो तेही लिहिलं. नको होतं लिहायला, तिच्या आईच्या नजरेस पडलं तर खेळ खलास. पण काकांनी इतकं गोड विचारलं!

ताई घरी आली होती, तिला न राहवून दाखवलं. तिने सगळं वाचलं. म्हणाली, "ही अशी लिहिते? दहा वर्षांची पोर?" मी म्हटलं, हुशार आहे, कोणाची आहे! ती चहा अर्धा ठेवून गेली. तिला पहिल्यापासून कोणाचं सुख बघवत नाही, असं म्हणणार होतो, पण ते खरं नाही.

२० फेब्रुवारी

ताईचा फोन. "एकदा तरी खात्री करून घे रे. तिला असं काही विचार जे फक्त तिलाच माहीत." मी चिडलो. बोगद्यात कोण, हे आणखी कोणाला माहीत आहे? "ते जुन्या व्हिडिओंखाली लिहिलेलंच आहे की. मी आत्ताच वाचलं," ती म्हणाली. फोन ठेवून दिला.

२१ फेब्रुवारी

तरी विचारलं. काका, पहिल्या गाडीला आपण काय नाव ठेवलं होतं? दुपार गेली, संध्याकाळ गेली. उत्तर नाही. अभ्यास असेल. आई बाजूला बसली असेल. रुसलीही असेल – बाप परीक्षा घ्यायला लागला म्हणून. विचारायलाच नको होतं.

२२ फेब्रुवारी

शनिवार. ठकूच्या आईचा फोन, आपणहून.

क्लासच्या मागच्या दाराशी एक माणूस आला होता. लाल इंजिन घेऊन, नाकाचा टवका उडवलेलं. म्हणाला, "ठकू, चल, बाबांनी पाठवलंय." पोर निघालीही होती त्याच्याबरोबर. क्लासच्या बाईंनी दंडाला धरून आत ओढली आणि दार लावलं. तो पळाला. ठकू सुखरूप आहे. ठकू सुखरूप आहे.

"हे सगळं तू कोणाला सांगितलंस?" तिने विचारलं.

मी म्हटलं, ठकूलाच. दुसऱ्या कोणाला नाही, शपथ. ती रोज माझ्याशी बोलते, तुला माहीत नाही.

ती म्हणाली, "तिचं खातं उडालं तेव्हापासून तिच्या हातात फोन दिलेला नाही मी."