काणीच्या टपावरचं हत्यार

गुरुवार, ७ ऑगस्ट

मित्र रूसोचा गुडघा? कुरकुरतो, पण जिना चढवतो. शेजारच्या निल्दाचं ब्लड प्रेशर? गोळी विसरली की वर, आठवली की खाली. आमची कुत्री पेर्ला? उंबऱ्यात पडून असते, माझ्या धाकट्या भावाच्या, लिसांद्रोच्या चपलांवर नाक ठेवून. आणि माझं? ठीक. कुणीही विचारलं तरी ठीकच.

जूनमध्ये धाकटा वारला, त्यानंतर आज पहिल्यांदा आमचा गुरुवारचा गाड्यांच्या लढाईचा खेळ खेळायला बसलो. निल्दाच्या जेवणाच्या टेबलावर रूसोने जाडं मीठ पसरलं. जग बुडाल्यानंतर उरलेलं मिठाचं वाळवंट — सगळं त्याच्या डोक्यातलं! मधोमध आमची काणी. सार्डिनच्या डब्याचा ट्रक, आम्ही दोघा भावांनी ठोकून ठोकून केलेला. दिवा एकच, म्हणून काणी. हाकायचो मी. टपावरचं हत्यार लिसांद्रोचं खातं. ते मागच्या खेळात मोडलं. आता टपावर नुसतं भोक.

रूसो म्हणाला, "पुढच्या गुरुवारी वाळवंट पार करायचंय. वाटेत लुटारू. काहीतरी बसव, म्हाताऱ्या, नाहीतर काणी गेली समज."

गेली म्हणजे खरोखरच गेली. आमच्यात हरलेली गाडी हातोड्याखाली जाते. नियम लिसांद्रोचाच. "त्याशिवाय पोटात गोळा कसा येणार, दादा?" म्हणायचा.

माझ्या पोटात काही आलं नाही.

निल्दाने एम्पानाडा, तिच्या खिम्याच्या करंज्या, वाढल्या. मी म्हणालो, छान झाल्यात. ती बघतच राहिली. मीठ घालायलाच विसरली होती बाई! टेबलभर मीठ, आणि मला पत्ता नाही.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

वारा. दिवसभर वारा.

रविवार, १० ऑगस्ट

हत्यार शोधायला बसलो. विकतचं चालत नाही. घरात हाताळलेली, वापरून झिजलेली वस्तूच हवी, आणि तीही स्वतःच्या घरातली. एकदा कापून चिकटवली की परत घरात नाही घ्यायची. आणि मारा किती लांबचा? वस्तू टेबलावर आडवी ठेवायची, ती जिथवर पोचेल तिथवर.

ओट्यावर मांडलं सगळं. दाढीचं पातं — बोटाएवढाही मारा नाही. शिवणयंत्राची सुई — त्याहून कमी. काट्याचे दात. डबा उघडायचं दातेरी चाक. जन्मभर बसच्या बॉड्या ठोकल्या मी, आणि या डबड्याच्या टपावर काय बसवावं ते सुचेना. संध्याकाळपर्यंत तिथेच बसून होतो. पेर्लाने येऊन हात चाटला तेव्हा उठलो.

मंगळवार, १२ ऑगस्ट

रूसो आला. नेहमीच्या येर्बाच्या पाल्याच्या कडू काढ्याऐवजी चहा पुढे केला तर तोंड वाकडं. "चहा? मी आजारी आहे का रे?"

"येर्बा संपलाय."

"खोटारडा. डबा समोर आहे." मग त्याची नजर भिंतीवरच्या खिळ्याकडे गेली. तिथे काढा प्यायचं भोपळ्याचं भांडं आणि त्यात तो ओढायची आमची नळी. जूनपासून तशीच. "अरे, ही! पितळी, सरळ, वीतभर लांब! ही तोफ बसवलीस तर लुटारू जवळसुद्धा येणार नाहीत."

"हो," म्हणालो.

त्याने तिकडची नजर काढून घेतली. मग म्हणाला, "मी आपलं सहज बोललो हं."

पण खरं आहे त्याचं. याहून चांगलं हत्यार या घरात नाही. एक भोपळा, एक नळी, दोन भाऊ. पाणी लिसांद्रो ओतायचा. त्यामुळे पहिला घोट त्याचा — आमच्याकडे पहिल्या घोटाला मूर्खाचा घोट म्हणतात. गार, कडूजहर, वर पाल्याची धूळ. पाणी ओतणाऱ्यानेच तो गिळायचा, पुढच्याला चांगला मिळावा म्हणून. इतक्या वर्षांत तो माझ्या वाट्याला कधी आलाच नाही.

बुधवार, १३ ऑगस्ट

नळी पकडीत धरली. करवत टेकवली. तोंडाकडच्या टोकाला बारीक खळगे दिसले. दातांचे. विचार करताना चावायचा लिसांद्रो. "नळीला तरी सोड रे!" असं किती वेळा ओरडलो असेन.

रडू? नाही आलं. काहीच नाही. पकड सैल केली, नळी परत खिळ्यावर.

डबा उघडायचं चाक बसवलं काणीवर. बसलं घट्ट.

गुरुवार, १४ ऑगस्ट

निल्दाने चाक पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "याने काय लुटारूंच्या मटाराचे डबे उघडणार आहेस?" रूसो हसला. मीही हसलो बहुतेक.

अर्ध्या वाळवंटापर्यंत काणी गेली. मग रूसोचे लुटारू लांबूनच मारायला लागले, आणि माझं चाक कुणापर्यंत पोचेना. सरळ हाकत राहिलो. दुसरं येतं काय मला?

काणी पडली.

रूसोने हातोडा उचलला. तसाच धरून उभा. "आज राहू दे ना," निल्दा म्हणाली. "कोण बघतंय?"

"आण इकडे," म्हणालो. "नियम म्हणजे नियम."

एकच घाव घातला मी. मीठ उडालं. तिचा दिवा घरंगळत टेबलाखाली गेला. तो निल्दाने शोधून माझ्या खिशात टाकला.

"नळी का नाही बसवलीस, गाढवा?" जिन्यात रूसोने विचारलं.

"उद्या सकाळी ये," म्हणालो. "निल्दालाही आण."

शुक्रवार, १५ ऑगस्ट

दोघं यायच्या आधी पाणी तापवलं. भोपळा भरला, नळी रोवली. पाणी मी ओतलं, म्हणून पहिला घोट माझा.

कडू! कडूजहर! डोळ्यांतून पाणी आलं आणि थांबेचना. इतकी वर्षं हे गिळत होतास होय रे, लिसांद्रो? एका शब्दाने बोलला नाहीस!

तिकडे बरा आहेस ना? तिकडून पत्र येत नाही, ठाऊक आहे. तरी काय ते लिही. लवकर लिही.