शर्मिष्ठाची कुंची

३ नोव्हेंबर, सकाळी ७
देवव्रतला मुलगी झाली. काल बंगळुरूहून त्याचा फोन आला. धाकट्या भावाची मुलगी, म्हणजे मी आत्या. सख्खी मी एकटीच, त्यामुळे नाव ठेवायचा मान माझा. ठरवलंसुद्धा : शर्मिष्ठा. बारशाआधी नाव फोडायचं नसतं, म्हणून देवव्रतलाही सांगितलेलं नाही. बाळाच्या कुंचीवर ते स्वतः भरणार. हाताने भरतकाम येत नाही, तेव्हा एम्ब्रॉयडरी मशीन घेणार. उद्याच.

६ नोव्हेंबर
घाईत मशीन घेणं मूर्खपणाचं. पंचवटीतले मशीनवाले रावजी म्हणाले, ताई, एका कुंचीसाठी मशीन कशाला, नाव सांगा, संध्याकाळपर्यंत भरून देतो. नाव सांगा म्हणे! शिवाय मी पुढे ऑर्डरी घेणार आहे. फक्त छोट्या फ्रेमचं की मोठ्या फ्रेमचं, एवढंच ठरायचंय.

९ नोव्हेंबर
मोठ्या. नक्की.

१० नोव्हेंबर
छोट्या. एवढ्याशा कुंचीला मोठी फ्रेम कशाला? पण उद्या कुणी साडीचा पदर आणला तर? विचार करते.

१३ नोव्हेंबर, दुपारी
खरा प्रश्न मशीनचा नाहीच, डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा आहे. फुकटचा डेमो उतरवून घेतला. इंग्रजी अक्षरं झकास येतात. मराठीत 'ष्ठा' फुटतो, ठ एकीकडे, ष दुसरीकडे. लॅपटॉपसमोर बसून पाठ धरली. बारशात आत्या बाळाच्या कानात कुर्रर्र करते तेव्हा बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. चुलत बहीण मोहिनी तिकडेच असते, तिचा हात जड. हळू मार म्हणून आधीच सांगून ठेवायला हवं.

१६ नोव्हेंबर
देवव्रतचा फोन. ताई, पुढच्या रविवारी बारसं ठेवतोय, येतेस ना? म्हटलं, जरा थांबा, मशीन ठरू दे, कुंची घेऊनच येते. रिकाम्या हाताने आत्या जाते का कुठे? तो म्हणाला, तुझं मशीन ठरेपर्यंत पोरगी शाळेत जाईल. त्याच्या बायकोची, स्वरदाची, आईही परत जायची आहे म्हणे. जाऊ दे की. आत्याशिवाय बारसं होतंय थोडंच.

१९ नोव्हेंबर
रावजींकडे दुसरं सॉफ्टवेअर पाहिलं. रोज जाते असं नाही, पण डेमो तिथेच बघायला मिळतो. चहाही बरा असतो. आज त्यांनी विचारलं, घरी कोण कोण असतं? म्हटलं, मशीन ठेवायला भरपूर जागा आहे.

२१ नोव्हेंबर
'ष्ठा' जवळजवळ जमला. तिकीट काढायला गेले आणि थांबले. कुंची नाही तर जाऊन करू काय? देवव्रतला तसं कळवलं. 'बरं' म्हणाला. समजूतदार आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार
व्हिडिओ कॉल आला. बारसंच चाललं होतं. देवव्रत म्हणाला, तुझं मशीनचं चाललंय म्हणून मोहिनीला आत्या केलं, रागावू नकोस. नाव आयरा. दोघांनी कधीच ठरवलं होतं म्हणे. बाळाच्या डोक्यावर विकतची टोपी. मोहिनीने कुर्रर्र केलं, बायकांनी तिला दणादण धपाटे घातले, सगळे हसले. मीही हसले. मग स्वरदाने फोन पाळण्यात धरला, ताई, तुम्हीपण म्हणा. मी कुर्रर्र म्हटलं. आवाज येत नाहीये, असं कुणीतरी म्हणालं आणि फोन उचलून घेतला.
नंतर खूप रडले. नाव आवडलं नाही म्हणून नाही.

२६ नोव्हेंबर
मशीन घेतलं. मोठ्या फ्रेमचं. रावजी स्वतः जोडून द्यायला आले. चालवून बघायला काय भरू, म्हणाले. कुंची पुढे केली आणि 'आयरा' सांगितलं. जोडाक्षरच नाही, पहिल्या झटक्यात सुंदर आलं. छोटी फ्रेमही पुरली असती.
आणखी एकदा दाखवाल का, म्हटलं. रावजी म्हणाले, ताई, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त येतं आता. दुसरा चहा ठेवते म्हटलं, तर दुकान उघडं टाकून आलोय, म्हणाले आणि गेले.
कुंची उद्या कुरियरने पाठवणार.
पाठ अजिबात दुखत नाहीये.