नऊचा फोन

प्रिय ओस्मो,

उद्यापासून रोज सकाळी नऊला तुला फोन मी करायचा आहे. चर्चने एकट्या राहणाऱ्यांची साखळी केली आहे. प्रत्येकाने पुढच्याला "उठलास का?" एवढंच विचारायचं, आणि उत्तर आलं नाही तर त्याची किल्ली घेऊन त्याच्या घरी जायचं. यादीत माझ्यानंतर तुझं नाव आहे.

"माझा भाऊ तर चर्च सोडून गेलाय," मी पास्टरबाईंना म्हटलं.

"दर गुरुवारी इथे चर्चच्या जेवणाला, वाटाण्याच्या सूपला येतो. नाव स्वतःच देऊन गेला. आणि हिल्काताई, बर्फावर घसरायला सभासद असावं लागत नाही."

"आणि शवपेटी उचलायला?"

"त्यालाही नाही. कोणी सांगितलं तुम्हाला?"

मीच तुला सांगितलं होतं, ओस्मो. आईच्या दफनाला, सगळ्यांसमोर, सभासद नसलेल्याने पेटीला खांदा द्यायचा नाही असा नियम आहे म्हणून. तू पेटी उचलायला घातलेले हातमोजे काढलेस आणि मागे जाऊन उभा राहिलास. नियम मी कधी वाचला नव्हता. तू चर्च सोडल्याचा राग होता.

सकाळपासून तीनदा फोन उचलून ठेवला. हे पत्र टपालात टाकणार नाही, तोंडीच सांगायला हवं. उद्या "उठलोय" म्हणालास की लगेच फोन ठेवू नकोस.

तुझी बहीण,
हिल्का