दुभाष्या लिफ्टमध्ये आणि टिटवी सभेत

तीर्थरूप मामांना,

तुमच्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. तुमचा डावा गुडघा आता कसा आहे आणि मामी तुम्हाला जिना चढू देतात की नाही, ते सविस्तर कळवा. (उजवा असेल तर माफ करा, गेल्या पत्रातलं तुमचं अक्षर सुरेख होतं, पण नेमक्या त्या ओळीवर आमच्या हिने चहा सांडला.) आम्ही सगळे ठीक आहोत. ठीक कसले, मामा, चार दिवस झाले, मी रस्त्याने छाती पुढे काढून चालतो आहे, आणि कारण सांगायला तुमच्यापेक्षा योग्य माणूस मला दुसरा नाही.

तीन वर्षांपूर्वी टिटवीला (म्हणजे तुमच्या नातीला, तिचं खरं नाव आता फक्त शाळेच्या दाखल्यावर उरलं आहे) मी इथल्या सरकारी दोन भाषांच्या शाळेत घातलं, तेव्हा तुम्ही चार पानांचं पत्र लिहून मला सावध केलं होतं. सकाळी मराठी आणि जेवणाच्या सुट्टीनंतर इथली भाषा, असं शिकवलं तर पोर दोन्हींत अडखळेल, असं तुमचं म्हणणं. तुम्ही चाळीस वर्षं व्याकरण शिकवलेलं, मी लिफ्ट दुरुस्त करणारा, त्यामुळे मी उलट लिहिलं नाही. पण शाळा घरापासून सात मिनिटांवर आहे आणि हिचं मत ठाम होतं, आणि हिचं मत ठाम असलं की आमच्या घरात चर्चा होत नाही.

आता ऐका. यंदा याच शाळेची मुलं शहरातल्या वाचनस्पर्धेत दोन्ही भाषांत पहिली आली. गणितात पहिल्या दहांत आपली चार. चौथीच्या वर्गाने तर शेजारच्या सरकारी दवाखान्यासाठी दोन भाषांत पाट्या रंगवून दिल्या. आधी तिथे आपली माणसं औषधाच्या खिडकीऐवजी भांडारघराच्या दाराशी रांग लावून उभी राहायची. (एकदा मीही अर्धा तास उभा होतो. शेवटी आतून झाडूवाली बाहेर आली.) आता सगळे नीट योग्य खिडकीशी जातात, आणि त्या पाटीवरचा बाण आपल्या टिटवीने काढला आहे. थोडा वाकडा आहे, पण दिशा बरोबर आहे.

आणि एवढं सगळं असताना शाळेला शिक्षण कार्यालयाचं पत्र आलं की मराठी तुकडीत किमान चोवीस मुलं हवीत, तुमची एकोणीस आहेत, तेव्हा वर्षअखेर तुकडी बंद. कोणाचं काही म्हणणं असेल तर बुधवारी चार वाजता शाळेच्या सभागृहात साहेबांपुढे मांडावं. टिटवी ते वाचून काही बोलली नाही. मामा, ही मुलगी दात घासतानासुद्धा बोलते. त्या दिवशी ती जेवली, वह्या भरल्या आणि झोपली, आणि घर इतकं शांत झालं की हिने दोनदा उठून तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

बुधवारी सभागृह भरलं. पहिलीच्या मुलांच्या खुर्च्या होत्या, त्यामुळे सगळ्या पालकांचे गुडघे हनुवटीला लागलेले. मुख्याध्यापिका बाई हातातल्या कागदाची घडी घालत होत्या आणि उलगडत होत्या. साहेब आले, ते इथल्या भाषेत बोलणार, आम्ही मराठीत, आणि मध्ये कार्यालयाचा दुभाष्या. तो काही येईना. एवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला. कार्यालयाच्या इमारतीतली लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये थांबली आहे, आत एक माणूस आहे, दुभाष्या म्हणून काम करतो, ताबडतोब या. ती लिफ्ट आमच्या कंपनीकडे, आणि त्या दिवशी पाळी माझी. आता सांगा, मी गेलो तर दुभाष्या सुटणार, पण टिटवीचा बाप सभेत नाही. मी जोडीदाराला फोन करून तिकडे पाठवलं. (तो काम फार नीट करतो, म्हणजे फार वेळ लावतो.)

मुख्याध्यापिका बाईंनी सभा पुढे ढकलायची विनंती केली, पण साहेबांकडे दुसरी तारीख नव्हती. तेव्हा मागच्या रांगेतून टिटवी उठली आणि इथल्या भाषेत सरळ साहेबांना म्हणाली की मी सांगते दोन्हीकडचं. साहेबांनी खांदे उडवले. तिने एक खुर्ची ओढली आणि तिच्यावर चढून ती त्यांच्या शेजारी उभी राहिली.

पोरीचा एकच दोष, ती काही गाळत नाही. मी हिच्या कानाशी हळूच म्हटलं, "या माणसाच्या चेहऱ्यावरच नकार लिहिलाय." टिटवीचे कान तुम्हाला माहीत आहेत. तिने ते इथल्या भाषेत मोठ्याने सांगितलं. माझी इथली भाषा लिफ्टपुरती (वर, खाली, दार सोडा, उडी मारू नका), पण माझं वाक्य कुठे गेलं ते मला बरोबर कळलं. साहेब माझ्याकडे बघून काहीतरी बोलले आणि टिटवी म्हणाली, "बाबा, ते विचारतात, आणखी काय काय लिहिलंय?" मी म्हटलं, अक्षर नीट लागत नाही. तेही तिने सांगितलं, आणि साहेब पहिल्यांदा हसले.

मग कोपऱ्यावरची पाववाली उठली. ती इथलीच, मराठीचा गंध नाही, पण मुलीला आपल्या तुकडीत घातलं आहे. टिटवीने आम्हाला मराठीत सांगितलं ते असं : या बाईच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ एकटे राहतात, फक्त मराठी बोलतात. गेल्या महिन्यात ते दारात पडले. डॉक्टरांना काही कळेना, तेव्हा या बाईच्या नऊ वर्षांच्या मुलीने त्यांना विचारून विचारून सांगितलं की दुखतंय पायात, पण घेरी आली ती सकाळची गोळी दोनदा घेतल्यामुळे. "मी वीस वर्षं त्यांना पाव देते," बाई म्हणाली, "त्यांचं नाव मला माझ्या मुलीकडून कळलं." हे वाक्य टिटवीने सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. मामा, मला तेव्हा समोरचं नीट दिसत नव्हतं.

साहेबांनी टिटवीला विचारलं की तू विचार कोणत्या भाषेत करतेस. ती म्हणाली, "सकाळी एका, दुपारी दुसऱ्या. भांडताना जी आधी येईल ती."

यानंतर मी उठलो. खरं तर निर्णय माझ्या भाषणाने फिरला, हे मी नम्रपणे नमूद करतो. मी शिक्षण, समाज, लिफ्टच्या दोन दोऱ्या आणि त्यांवर सारखा येणारा भार, असं चांगलं वीस मिनिटं बोललो. दोऱ्यांच्या मुद्द्यावर साहेब टिटवीला काहीतरी म्हणाले आणि ती मला म्हणाली, "बाबा, साहेबांना पटलं. आता बसा." मी बसलो, त्यांनी पेन काढलं आणि तिथेच सही केली. तुकडी चालू राहणार, शिवाय पुढच्या वर्षी पाचवीही उघडणार. मुख्याध्यापिका बाई त्या बुटक्या खुर्चीवर बसून रडल्या आणि उठताना दोघांना हात द्यावा लागला. दुभाष्या पोचला तेव्हा सगळे जायला निघाले होते. त्याने टिटवीशी अदबीने हात मिळवला.

मामींना नमस्कार. तुमच्या त्या चार पानी पत्राबद्दल माझ्या मनात काहीही नाही. ते मी जपून ठेवलं आहे आणि पाहुण्यांना दाखवतो.

तुमचा आज्ञाधारक,
भाचा

ता.क. : शाळेने पालकांनाही वर्गात वाचून दाखवायला बोलावलं आहे. त्याआधी मराठी शुद्धलेखन तपासतात, आणि तपासायला चौथीची मुलं. ही पहिल्या फटक्यात पास झाली. माझ्या एका पानात टिटवीने सत्तावीस चुका काढल्या.

ता.क. दुसरा : तेव्हा एका कार्डावर तुमच्या सुवाच्य अक्षरात एवढंच लिहा की आमच्या काळी असं लिहिलेलं चालत असे. तुमचा शब्द ती मोडणार नाही. कार्ड कंपनीच्या पत्त्यावर पाठवा.

ता.क. तिसरा : आजोबा, बाबांनी हे पत्र पाकिटात घालायला मला दिलं. चुका एकतीस होत्या, चार मी सोडल्या. या पत्रातल्या मी दुरुस्त केल्या आहेत. कार्ड पाठवू नका. आणि साहेब मला म्हणाले होते, "तुझे बाबा आत्ता थांबले तर मी लगेच सही करतो." तेवढं एकच मी नीट सांगितलं नाही. आईला माहीत आहे.