फ्रिजला वठणीवर आणताना

३ मार्च, सकाळी ७
फ्रिजने पुन्हा दूध गोठवलं. काकडी दगड. आईचं इन्शुलिनसुद्धा गोठलं, म्हणजे फेकायचं. धाकट्या भावाने फोनवर सुनावलं की पुन्हा असं झालं तर तो आईला घेऊन जाणार. बघतोच कसा नेतो! आई इथेच राहील. फ्रिज आठवड्यात सरळ करतो. बत्तीस वर्षं वर्कशॉपमध्ये काढली आहेत, माशा मारल्या नाहीत.

४ मार्च
डायल ३ वर होता, ५ वर नेला. आकडा जास्त तर ऊब जास्त. बायको म्हणाली, अहो, ते माहितीपुस्तक तरी वाचा. पुस्तक अडाण्यांसाठी असतं.

५ मार्च, दुपार
अंडी गोठून तडकली. डायल ७. शिवाय फ्रिजच्या बरगडीत एक सणसणीत लाथ. अंगठा टम्म सुजला. बायकोने त्यावर बर्फ धरला. बर्फाला घरात तोटा नाही.

६ मार्च
नवं इन्शुलिनही गोठलं. गुपचूप फेकलं, गुपचूप दुसरं आणलं. बायकोला तंबी दिली, धाकट्याला कळता कामा नये. आई सोफ्यावर डोळे मिटून होती. झोपलेली असावी.

७ मार्च
आज सोक्षमोक्ष. फ्रीझर बर्फाने गच्च. बायको म्हणे, बंद करा, आपोआप वितळेल. शत्रूला सवलत नाही. हातोडी आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन पाऊण तास कुटला. बर्फाचे तुकडे छतापर्यंत उडाले. हात रक्तबंबाळ. मग आतून फुस्स झालं आणि फ्रिज गप्प. हरला लेकाचा!

८ मार्च
बायकोने परस्पर मेकॅनिक बोलावला. कॉइलला भोक, गॅस गेला, फ्रिज भंगारात. वर विचारतो, काका, डायल सातवर कुणी नेला? सात म्हणजे सगळ्यात गार. तीनचा एक केला असता तर काम झालं असतं. मी म्हटलं, चौकशी करतो. बायको हसलीसुद्धा नाही. इन्शुलिन शेजारणीकडे ठेवून आली.

९ मार्च, सकाळी १०
धाकटा गाडी घेऊन हजर. जिन्यातच त्याची कॉलर धरली. चुगली कुणी केली ते सांग, नाहीतर दात पाडतो, असं बजावलं. त्याचं बटण तुटलं. मागून आई म्हणाली, सोड त्याला. फोन मी केला होता. मला भीती वाटते रे इथे.

कॉलर सोडली. आईची बॅग जड होती. गाडीपर्यंत मीच नेली.