सातवी पायरी

प्रिय धाकट्या,

काल तुझा तीनदा फोन आला आणि तिन्ही वेळा मी तो वाजू दिला. मुद्दाम. फोनवर तू मला गुंडाळतोस. "ताई, तू आधी शांत हो बघू," असं तू म्हणालास की मी शांत होते, ही माझी जुनी खोड आहे, आणि या वेळी मला शांत व्हायचं नाही. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही. म्हणून हे पत्र. स्वतः वाच, शेवटपर्यंत वाच. सेक्रेटरीला सारांश काढायला देऊ नकोस.

शनिवारी मिस्त्री माझ्याकडे आले होते. आपल्या कारखान्यात चौतीस वर्षं वजनकाटे जुळवणारा माणूस माझ्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसला, पूर्ण टेकायची परवानगी नसल्यासारखा. तू त्यांना कामावरून काढल्याचं पत्र त्यांनी मला मोठ्याने वाचायला लावलं. डोळ्यांवर चष्मा होता, वाचता येत होतं. पण 'हलगर्जीपणा' हा शब्द दुसऱ्याच्या तोंडून कसा लागतो ते त्यांना ऐकायचं असावं. ऐकून नुसती मान हलवली. तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द काढला नाही. मग पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक जाड पुठ्ठा काढला आणि माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "हे तुमचं अक्षर आहे, ताई. नवा छापील कागद लागला तेव्हा हे टाकून देत होते. मी उचलून ठेवलं."

तुला तो पुठ्ठा आठवतो का? मी सोळा वर्षांची होते आणि तू नऊ. बाबांनी मला शाळेतून आल्याआल्या कारखान्यात बोलावलं होतं. कारखाना कसला, एक लांबट खोली. पण काटे तपासायचं टेबल त्या खोलीच्या बरोबर मधोमध, भिंतींपासून लांब, म्हणजे कुणी त्याला टेकणार नाही. शाळेतल्या सिस्टरांनी छडी हातात घेऊन घडवलेलं माझं अक्षर बाबांना छापल्यासारखं वाटायचं. काटा तपासायच्या दहा पायऱ्या ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले. काटा सपाट जागी ठेवा. पारडं पुसून घ्या. असं करत सहावी पायरी आली: प्रमाण वजन पारड्यात ठेवा. आठवी होती: काटा पाहून स्क्रू जुळवा. आणि या दोन्हींच्या मध्ये, सातवी, एकच शब्द. प्रार्थना.

हात पाठीमागे, डोळे मिटलेले, आणि बाबांनी स्वतः रचलेली ती तीन वाक्यं तीनदा, सावकाश. "देवा, जे आहे तेवढंच दिसू दे. जास्त नको, कमी नको. माझ्या हाताला माझ्यापासून सांभाळ." दिवसात वीस काटे जुळले तर वीस वेळा. तू सुट्टीत टेबलाशी उभा राहायचास तेव्हा एका दमात नऊ वाक्यं संपवून डोळे उघडायचास. मग बाबा म्हणायचे, "धाकट्या, देवाला गाडी पकडायची नाहीये. पुन्हा म्हण." आणि तू गाल फुगवून पुन्हा म्हणायचास. त्या गालांवर माझा इतका जीव होता, की आज तुझ्यावर चिडताना सुद्धा आधी ते गाल बाजूला सारावे लागतात.

बाबा गेले, आणि एका खोलीचा तू तीन मजली कारखाना केलास. एकामागून एक दवाखाने तुझे काटे घेऊ लागले. मी शाळेत शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना सांगायचे, तो माझा भाऊ. अभिमान होताच, आजही मी तो नाकारत नाही. मग तू तो सल्लागार आणलास. हातात घड्याळ घेऊन तो आठवडाभर माणसांच्या मागे उभा राहिला. सातव्या पायरीपाशी आल्यावर त्याने विचारलं, हा टप्पा कशासाठी? आणि तू, मिस्त्रींच्या समोर, हसून म्हणालास, राहून गेलंय आमचं जुन्या काळचं. त्याने तांबड्या पेनाने रेघ मारली. दहाच्या नऊ पायऱ्या झाल्या, रोज दुप्पट काटे बाहेर पडू लागले. मिस्त्रींनी भीत भीत विचारलं, तेव्हा तू म्हणालास की देवाला आता खाली ऑफिसात बसवणार आहोत, वर कारखान्यात त्यालाही उकडत असेल. सगळे हसले. मिस्त्री मला म्हणाले, "मला वाटलं, साहेबांनी देवाशी बोलूनच ठरवलं असेल." त्यांनी हे टोमणा म्हणून सांगितलं नाही, धाकट्या. त्यांना खरंच तसं वाटलं होतं.

आणि बसवलंस की तू देवाला! स्वागतकक्षाच्या शेजारी संगमरवरी प्रार्थनागृह, मंद दिवे, आत जाताना बूट काढायला मऊ बाकडं. मोठमोठी माणसं आली की तू त्यांना आधी तिथे नेतोस. मीही गेले, डोळे भरून आले, बाबा असते तर, असंही म्हणाले. माझीच मला लाज वाटते. देव आपल्याकडे सहाव्या आणि आठव्या पायरीच्या मध्ये होता. वजन आणि स्क्रू यांच्या मध्ये, जिथे माणसाचा हात चुकायची शक्यता सगळ्यात जास्त असते तिथे. तू त्याला तिथून उचललंस आणि दारात नेऊन उभं केलंस, येणाऱ्या-जाणाऱ्याचं स्वागत करायला.

दोन महिन्यांपूर्वी तुला तो मोठा सन्मान मिळाला. मी दुसऱ्या रांगेत होते. तू म्हणालास, कितीही यश मिळालं तरी माझ्या आयुष्याच्या केंद्रस्थानी देवच आहे. किती सुरेख म्हणालास. आवाज कुठे खाली आणायचा ते तुला अचूक कळतं. माझ्या शेजारची बाई रुमाल शोधू लागली. मिस्त्री मागे भिंतीला टेकून टाळ्या वाजवत होते. त्याच आठवड्यात तू त्यांच्या हातात ते पत्र दिलंस.

आता त्या पत्रामागचं सांगते, कारण अर्धं तुला माहीत आहे आणि अर्धं तू माहीत करून घेतलं नाहीस. एका प्रसूतिगृहात दिवस भरण्याआधी जन्मलेलं एक बाळ होतं. जन्माच्या वेळी त्याचं वजन एका जुन्या काट्यावर घेतलं होतं; नंतर तुझ्या काट्यावर ते वाढलेलं दिसलं, म्हणून त्याला घरी सोडलं. वजन वाढत नव्हतंच. सहाव्या दिवशी आई त्याला परत घेऊन आली तेव्हा त्याला रडायचीही ताकद नव्हती. अकरा दिवस काचेच्या पेटीत ठेवलं. वाचलं. दवाखान्याने तुला कळवलं, आणि तू उत्तर दिलंस की एका वयस्क कामगाराच्या हलगर्जीपणामुळे तो एक काटा सदोष निघाला, त्याला कामावरून कमी केलं आहे.

मिस्त्रींनी पुठ्ठा दिल्यावर मी दुसऱ्या दिवसाची वाट पाहिली नाही, तशीच त्यांना घेऊन त्या प्रसूतिगृहात गेले. तिथली परिचारिका खमकी आहे. तुझ्या कंपनीचं नाव ऐकताच म्हणाली, आता कुणाला काढून टाकलंत ते सांगायला आलात का? तिने तुझे तिथले चारही काटे दाखवले. आम्ही शाळेच्या प्रयोगशाळेतून मागून नेलेलं प्रमाण वजन एकेका पारड्यात ठेवलं. लगेच पाहिलं तर काटा बरोबर, एका ग्रॅमचा फरक नाही. मग मी आणि मिस्त्रींनी हात मागे घेतले, डोळे मिटले आणि तीनदा प्रार्थना म्हटली. परिचारिका काय समजली असेल कोण जाणे. डोळे उघडले तर काटा पंचेचाळीस ग्रॅम पुढे गेलेला. चारही काट्यांवर तेच. परिचारिकेने हळूच सांगितलं की बाळ पारड्यात ठेवलं की हातपाय झाडतं, ते शांत होईपर्यंत थांबूनच त्या वजन वाचतात.

काट्याच्या आतल्या स्प्रिंगवर भार ठेवला की ती लगेच पूर्ण उतरत नाही. दीड मिनिट घेते. बाबांची प्रार्थना तीनदा म्हटली की दीड मिनिट होतं. तू सातवी पायरी काढलीस आणि स्प्रिंग बसायच्या आधीच स्क्रू जुळू लागले. मिस्त्रींचा हात चुकला नाही. ती पायरी काढल्यापासून जुळवलेला प्रत्येक काटा खोटं बोलतोय.

हे सगळं मी तुला त्याच संध्याकाळी फोनवर सांगितलं. तू काय म्हणालास, आठवतं? "ताई, पंचेचाळीस ग्रॅमने काय आभाळ कोसळतं? पुढच्या महिन्यात मोठं काम मिळतंय, ते होऊ दे, मग शांतपणे बघू." आणि वर म्हणालास की पायरीच्या जागी 'नव्वद सेकंद थांबा' असं लिहून टाकतो, मग तर झालं? लिही ना. जरूर लिही. घड्याळानेही स्प्रिंग बसते, हे मला कळतं, मी काही भाबडी नाही. पण नव्वद सेकंद मोजणारा माणूस ती संपायची वाट पाहतो. आणि बाबांनी ती वाक्यं स्प्रिंगसाठी नव्हती रचली. 'माझ्या हाताला माझ्यापासून सांभाळ' असं दिवसातून वीसदा म्हणणारा माणूस, एक बाळ पेटीपर्यंत गेलेलं असताना 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणू शकला नसता. त्याची जीभ अडखळली असती. तुझी अडखळली नाही. मला संताप आला तो त्याचा. काट्याची चूक कुणाच्याही कारखान्यात होते.

आता माझं. बाबा सातवी पायरी सांगत होते तेव्हा पुढे म्हणाले होते, "कंसात लिही, तेवढ्या वेळात स्प्रिंगही बसते." मी लिहिलं नाही. सिस्टरांनी शिकवलं होतं की काही मिळावं म्हणून केलेली प्रार्थना हा व्यवहार असतो. मला वाटलं, देवापुढे स्प्रिंगचं कारण लिहिलं तर प्रार्थना हलकी होईल. बाबांना अक्षर दाखवलं, त्यांनी कौतुक केलं, कंस नाही हे त्यांच्या लक्षात आलं नाही. सोळा वर्षांच्या मुलीने देवाची अब्रू सांभाळली आणि एवढी वर्षं कुणालाच कळलं नाही की त्या एका शब्दावर काय तोललेलं आहे. सल्लागाराला तरी कसं कळणार? बाबांना तेव्हाच उमगलं होतं ते मला आता म्हातारपणी उमगतंय. देव स्प्रिंगमध्ये असला तर त्याचा कमीपणा होत नाही. त्याला तिथे येऊ दिलं नाही तर मात्र होतो.

आणि आता हे पत्र का लिहिलं ते. आज दुपारी मी टपाल कचेरीत जाऊन एकेचाळीस पत्रं टाकली. तुझे काटे ज्या ज्या दवाखान्यात आहेत त्या प्रत्येकाला एक. यादी मिस्त्रींच्या वहीतून घेतली. त्यांनी द्यायला खूप खळखळ केली, साहेबांचं नुकसान होईल म्हणाले. पत्रांत पहिली चूक माझी लिहिली आहे, दुसरी तुझी, आणि मिस्त्रींची काही चूक नाही हे खाली रेघ ओढून लिहिलं आहे. काटे आजच वापरातून बाजूला ठेवा, असं मोठ्या अक्षरांत. ती पत्रं गुरुवारी पोचतील. ज्यांची बाळं अगदी नाजूक आहेत अशा सहा प्रसूतिगृहांना मी आणि परिचारिकेने फोन करून आजच सावध केलं. तेवढं थांबणं मला जमलं नाही. हे पत्र मी माणसाच्या हाती पाठवतेय, म्हणजे बुधवारी सकाळी ते तुझ्यासमोर असेल. मधला एक दिवस तुझा आहे. तो वकिलाला फोन करण्यात घालवायचा असेल तर घालव, मी अडवणार नाही. पण एकेचाळीस नंबर आहेत, एका दिवसात होतात. माझ्या अक्षरातून कळण्याआधी त्यांना ते तुझ्या तोंडून कळावं, एवढ्यासाठीच मी तुला एक दिवस आधी लिहितेय. आणि पहिला फोन दवाखान्याला करू नकोस. मिस्त्रींना कर.

अजून रागातच असलेली, तरीही तुझीच,
ताई